ओणव्या ढगाखाली

उशिराच्या बागेत येणारे पाहुणे शिंगमेइ मावशीला वेडी समजत आणि आमच्या गल्लीतली माणसं तोंडाळ. दोन्हींत थोडं थोडं तथ्य होतं. बांबूचा लांब झाडू मांडीवर आडवा टाकून ती ओणव्या ढगासमोर तिवईवर बसलेली असे आणि कुणी त्या दगडाखाली जरा घुटमळलं की तिचा आवाज चढे.

"पुढं व्हा, पुढं व्हा! तुमच्या सासऱ्यानं खाट टाकलीय होय इथं?"

ओणवा ढग हे त्या दगडाचं नाव. ताइहू सरोवराच्या तळातून काढलेला, पाण्यानं भोकं भोकं पाडलेला, पायाशी बारीक आणि माथ्याला जड. वाटेवर असा झुकलेला, की जाणाऱ्याला मान वाकवावी लागे. ज्या अंमलदारानं ही बाग बांधली, त्याला सरकारी चाकरीतून सुटका मिळायला फार उशीर झाला, म्हणून बागेचं नाव उशिराची. त्याची हौस अशी, की फाटकातून आत आलेल्याला पाणी दिसू नये. आधी अरुंद बोळ, मग पांढरी भिंत, मग दगडांचा रचलेला डोंगर. त्या डोंगराच्या खिंडीत ओणवा ढग. त्याच्याखालून वाकून गेलं की मान वर करताच एकदम तळं, वाकडा पूल आणि पलीकडचा मंडप. म्हणजे आलेल्या प्रत्येक माणसाला त्या दगडापुढं एकदा मान तुकवावीच लागे. दुसरी वाट ठेवलेलीच नव्हती.

मी तिकिटाच्या खिडकीत बसायची. तिथून मला मावशीची पाठ दिसे. तिनं तिवई ठेवायला जागा मोठी हुशारीनं निवडली होती. बागेत कुठूनही सगळं दिसू नये अशी रचना, पण त्या एका कोपऱ्यातून गोल दारातून येणारा, जाळीच्या खिडकीआडून येणारा आणि पुलावरून परतणारा असे तिन्हीकडचे लोक दिसत. पाऊस असो, बर्फ भुरभुरत असो, ती तिथंच. आजारपणाची रजा तिनं कधी घेतली नाही. आपला मुलगा ज्याबाओ याला मात्र तिनं बागेत कधी पाऊल टाकू दिलं नाही. शाळेची सहल आली तेव्हासुद्धा त्याला पोटदुखीचं सोंग घ्यायला लावून घरी ठेवलं.

"सगळ्या गावाची पोरं बघून गेली. मीच तेवढा नाही," ज्याबाओ मोठेपणी कुरकुरायचा.

"बघण्यासारखं काय आहे? दगड आहेत. दगड तुला कारखान्याच्या दारातही मिळतील."

तो दगड तिच्याच नवऱ्यानं बसवला होता.

वेइ मिस्त्रींच्या घरात दगड रचण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. माणूस अबोल. बोटं जाड, नखं चुन्यानं कायमची पांढरी. बाजारात भाजी घेतानासुद्धा कोबीचा गड्डा हातात फिरवून त्याची बसकी बाजू कुठली ते आधी बघणार. गल्लीत त्यांना सगळे मान देत, कारण ओणवा ढग त्यांनी उभा केला हे सगळ्यांना ठाऊक होतं. जुना दगड लढाईच्या धामधुमीत कोसळलेला. साठ सालच्या हिवाळ्यात वरून हुकूम आला, की वसंतात परदेशी पाहुणे येणार, त्याआधी डोंगर पूर्वीसारखा उभा राहिला पाहिजे.

पुढचं सगळं मावशीनं मला सांगितलं ते मिस्त्री गेल्यानंतर, माझ्या उंबऱ्यावर बसून वालाच्या शेंगा सोलताना. सांगताना तिनं एकदाही मान वर केली नाही.

साठ सालचा हिवाळा आमच्या लोकांना वेगळा सांगावा लागत नाही. रेशनचं धान्य महिन्याच्या मध्यालाच संपे. लोक तळ्याकाठचं गवत, कोंडा, झाडांच्या साली शिजवत. माणसं रोड व्हायची तर उलट सुजायची. नडगीवर बोट दाबलं तर खड्डा पडे आणि तो भरून यायला वेळ लागे. आणि अशा दिवसांत बागेच्या मागच्या आवारात तांदळाची पोती येऊन पडली. खायला नव्हेत. दगड सांधायच्या चुन्यात चिकट तांदळाची पेज घालतात, तिच्याशिवाय चुना दगड धरून ठेवत नाही. पाहुण्यांसाठी डोंगर उभा करायचा होता, आणि डोंगराला भात लागत होता.

पेज शिजवायला कारागिरांच्या घरच्या बायका लावल्या. शिंगमेइ त्यांत होती. पोत्यांवर मोहर होती, चुलीशेजारी कचेरीचा माणूस खुर्ची टाकून बसे. तांदूळ त्याच्या देखत मोजून कढईत पडे, कढई त्याच्या देखत उतरे, बाहेर जाताना बायकांचे खिसे तपासले जात. पण त्या माणसानं जन्मात कधी चूल पेटवली नव्हती. शिंगमेइ पेज उकळू लागली की गुपचूप जाळ वाढवी आणि ढवळणं सैल सोडी. तळाला भात धरे, करपे. मग वरची पातळ पेज पुरुष चुन्यात कालवायला नेत आणि कढई घासायच्या निमित्तानं ती तळाची खरवड कालथ्यानं खरडून काढी.

"काय गं, रोज करपतं कसं?" एकदा त्या माणसानं विचारलं.

"लाकडं ओली आहेत, साहेब. कोरडी द्या, नाही करपणार."

कोरडी लाकडं त्याच्या स्वतःच्या घरीही नव्हती. काळी-पिवळी खरवड ती कपड्यात गुंडाळून काखेत धरी आणि जाड बंडीची गुंडी लावी. काखेला चटका बसे. तिथं पुढं कायमचा डाग राहिला, तो तिनं मला दाखवला.

घरात त्या वेळी चार तोंडं तिची वाट बघत. नवरा, सासू आणि दोन मुलं. मोठी यिन्दी. हे नाव सासूनं ठेवलेलं, त्याचा अर्थ 'पाठीवर भाऊ आण'. पोरीनं नावाप्रमाणे केलंही होतं. ज्याबाओ तेव्हा नुकता पावलं टाकायला लागलेला, भुकेनं पुन्हा रांगायला लागला होता. यिन्दी पाच-सहा वर्षांची. तिचे पाय सुजलेले, चेहरा मेणासारखा चकचकीत.

पहिल्या दिवशी खरवड गरम पाण्यात भिजवली. होऊन होऊन झाली ती वाटीभर. शिंगमेइनं दोन वाट्या पुढ्यात घेतल्या, तेव्हा सासूनं त्यातली एक उचलून परत फळीवर ठेवली.

"दोघांत घालशील तर दोघंही अर्धवट राहतील. जगेल त्याला घाल."

"ती पण जगेल की, आई."

"तिच्या नडगीवर बोट दाबून बघ, आणि मग मला सांग."

शिंगमेइनं बोट दाबलं नाही. पण दुसरी वाटीही पुन्हा काढली नाही. सासूनं स्वतः त्यातला एक घोटही घेतला नाही, एवढं मावशीनं तिच्या बाजूनं सांगितलं. महिन्याभरात सासूही गेली.

मिस्त्री उजाडायच्या आत कामावर जात आणि अंधार पडल्यावर येत. त्यांना काही सांगायचं नाही असं दोघी बायकांमध्ये न बोलता ठरलेलं होतं. सरकारी धान्याची चोरी म्हणजे तुरुंग. ज्याला ठाऊक नाही, त्याच्यावर निदान खोटं बोलायची पाळी तरी येत नाही. ज्याबाओला भरवायचं ते दुपारी, सैपाकघराचं दार लोटून. यिन्दी आतल्या खाटेवर, भिंतीकडं तोंड करून. पण करपलेल्या भाताचा वास दाराला जुमानत नाही.

"आई, काय करपलं गं?"

"खळ करपली."

"कसली खळ?"

"जोड्यांच्या तळव्यांना लावायची. चिंध्या चिकटवायच्यात ना. तुझ्या भावाला जोडे नकोत का?"

यिन्दीनं तोंड दाराकडं वळवलं. मग म्हणाली, "आई, खळ खाता येते का?"

"नाही, बाळा. पोटात जाऊन चिकटते."

पोरीनं पुन्हा विचारलं नाही. विश्वासू पोर होती. नंतरच्या दिवसांत वास आला की ती आपणच म्हणायची, "आई, आज परत खळ करपली वाटतं." एकदा म्हणाली, "भाऊला किती जोडे करतेस?"

थंडी ऐन कडाक्याची असताना गल्लीत गोवर आला. ज्याबाओलाही उठला आणि उतरला. यिन्दीला उठला, तो उतरला नाही. एवढ्या लहान पोराला आमच्यात ना तिरडी, ना थडगं. मिस्त्रींनी तिला चटईत गुंडाळलं, पहाटे गावाच्या वेशीबाहेर नेलं आणि तिथूनच परस्पर कामावर गेले. गल्लीत सगळ्यांना कळलं, वेइ मिस्त्रींची पोर गोवरानं गेली. ते खोटंही नव्हतं.

त्यानंतरच्याच आठवड्यात ओणवा ढग चढवायचा होता. शिंगमेइ मिस्त्र्याची बायको होती. तिला पक्कं ठाऊक होतं, की डोंगरातले बाकीचे दगड एकमेकांच्या आधारानं उभे राहतात, पण वाटेवर झुकलेल्या दगडाला सांध्याचाच भरवसा. निदान त्याच्यापुरती पेज दाट करायची, असं ती मनाशी ठरवून गेली होती. पण कढईसमोर उभी राहिली आणि जाळ वाढवला. एक गेली होती. दुसऱ्याच्या तोंडचं काढून दगडाला घालणं तिच्या हातून झालं नाही.

दगड चढला. त्याच्या बुडाशी मिस्त्रींनी इतके दिवस लावले, की सभेत सगळ्यांसमोर त्यांना उभं केलं.

"वेइ मिस्त्री, पाहुणे वसंतात यायचेत. तुमच्या नातवाच्या लग्नाला नव्हे!"

लोक हसले. मिस्त्री खाली मान घालून उभे राहिले. आतल्या कामाला त्यांनी कुणालाच जवळ येऊ दिलं नव्हतं, आपल्या हाताखालच्या युआनलासुद्धा नाही. शिंगमेइला वाटलं, पोरीच्या दुःखानं हात चालत नसतील. ती वाट बघत राहिली, की हा माणूस एक दिवस रडेल. ते काही रडले नाहीत. फक्त एक झालं. पूर्वी ते सकाळी भाताची खरवड गरम पाण्यात बुडवून मोठ्या आवडीनं खात. धान्य पुन्हा पुरेसं मिळू लागल्यावर तिनं ती पुढ्यात ठेवली, तर त्यांनी वाडगा बाजूला सारला.

"दात हलतात," म्हणाले.

वसंतात पाहुणे आले. उंच माणसं, एकेक जण ओणव्या ढगाखाली वाकून पलीकडं गेला आणि तळं दिसताच 'आहा' म्हणाला. शिंगमेइ गर्दीच्या मागं उभी होती. शेवटचा पाहुणा खालून निघेपर्यंत ती एकेक माणूस मनात मोजत होती. मिस्त्रींना बक्षीस म्हणून लाल अक्षरांचा एनॅमलचा मग मिळाला. मरेपर्यंत ते त्यातूनच चहा पीत.

त्याच उन्हाळ्यात तिनं बागेत झाडूवालीची नोकरी मागून घेतली.

सांगायचं तर तेव्हाच सांगता आलं असतं, असं आज कुणीही म्हणेल. तेव्हा सांगितलं असतं तर ती तुरुंगात. पुढं जुनं सगळं मोडायच्या चळवळीचं सहासष्ट साल आलं, तेव्हा सांगितलं असतं तर मिस्त्री घातपाती ठरले असते. त्या वर्षी लाल पट्टे बांधलेली शाळकरी पोरं दोर घेऊन आली, अंमलदाराच्या बागेतला दगड पाडायला. मिस्त्रींना गळ्यात अपराधाची पाटी अडकवून पुलावर उभं केलं होतं. आणि शिंगमेइ सगळ्यांत पुढं होऊन घोषणा देत होती. "ओढा! ओढा! पाडा त्याला!" गल्लीतले लोक ते कधी विसरले नाहीत. नवरा पाटी घालून उभा आणि ही त्याचंच काम पाडायला सांगते! पण तिचा हिशेब सरळ होता. खाली माणूस नसताना पडला तर सुटलो. दोर ताणला, दगड कुठंतरी आतून कर्रकन वाजला, दात खाल्ल्यासारखा. पोरं घाबरून मागं हटली. मग त्यांनी त्याच्यावर लाल रंगानं काहीबाही लिहिलं आणि दुसरीकडं निघून गेली. शिंगमेइच्या कानात मात्र तो आवाज राहिला. दगड हलतोय, हे आता ठरलंच.

त्या दिवसानंतर तिनं तिवई आणली.

आणखी पुढं तर तुरुंगाचंही भय उरलं नाही. तरी ती बोलली नाही. मी शेंगा सोलता सोलता विचारलंच, "मग तेव्हा का नाही बोललात, मावशी?"

"कुणापाशी बोलू? बोललं की यांच्या कानावर जाणार."

तिला उभ्या आयुष्यात एवढाच एक आधार होता, की नवऱ्याला ठाऊक नाही. त्याच्या लेखी त्या हिवाळ्यात घरात कुणालाच काही नव्हतं, पोर गोवरानं गेली, आणि आपली बायको आपल्यासारखीच एक दुर्दैवी बाई. रात्रंदिवस शेजारी वावरणाऱ्या एका माणसाच्या नजरेत तरी ती स्वच्छ होती. त्यासाठी ती दगडाखाली बसायला तयार होती. आणि बसलीच.

गंमत अशी, की ज्याच्यासाठी हे सगळं झालं, त्या ज्याबाओचं फारसं काही झालं नाही. वाईट म्हणावं असंही नाही. वूशीच्या एका कारखान्यात फोरमन, बायको कटकटी, पोट सुटलेलं. आला की टीव्हीसमोर बसायचा आणि आईच्या हातच्या गोगलगायींच्या कालवणात मीठ कमी असल्याचं सांगायचा. त्याला बहीण होती हेही त्याला नीटसं ठाऊक नव्हतं.

दिवस पालटले तशी बागेत गर्दी वाढली. प्रेमी जोडपी येऊ लागली, गळ्यात कॅमेरे आले. आणि फोटोला जागा कोणती, तर ओणवा ढग. एकदा एक नवरी लाल पोशाख घालून नेमकी दगडाखाली उभी राहिली. फोटोवाला तिला हनुवटी वर करायला सांगत होता. मावशीनं एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि मग गटारातलं पाणी झाडूनं सपकन तिच्या पायांवर उडवलं. मोठा तमाशा झाला. नवरीची आई तिकिटाच्या खिडकीपाशी येऊन माझ्यावर ओरडली, मी काय करणार?

व्यवस्थापकांनी मावशीला बोलावून घेतलं. "मावशी, लोक पैसे देऊन येतात. तुम्ही त्यांच्या अंगावर घाण उडवता?"

"दगड पडला तर पैसे परत देणार का?"

"अहो, पंचवीस वर्षं झाली, पडला का?"

"मी आहे म्हणून पडला नाही."

व्यवस्थापक हसले. आम्ही बाहेर उभ्या असलेल्याही हसलो. तिचा पगार कापला गेला. दुसऱ्या दिवशी ती तिवईवर होतीच.

पण त्या भांडणाचा एक परिणाम झाला. नवरीच्या माणसांनी वरपर्यंत तक्रार नेली, वरून तपासणी आली, डोंगराला ठिकठिकाणी भेगा आहेत असं निघालं, आणि हिवाळ्यात पाणी उतरलं की डोंगर उतरवून नव्यानं रचायचा असं ठरलं. कामावर मुख्य म्हणून आला युआन. मिस्त्रींच्या हाताखाली शिकलेला तोच, आता स्वतःच टक्कल पडलेला. मिस्त्री घरी होते. आयुष्यभर छातीत गेलेला चुना आता खोकल्यातून बोलत होता. ते बागेकडं फिरकत नसत.

मावशीची त्या दिवसांतली तगमग मी पाहिली आहे. कारण ठाऊक नव्हतं, एवढंच. दगड सुखरूप खाली येणार म्हणून ती हलकी झाली होती, आणि सांधा उघडा पडणार म्हणून सारखी तिवईवरून उठून दगडाच्या बुडाशी वाकून बघत होती. युआन आत पाहणार, सांध्यात पेज नव्हती हे ओळखणार, आणि संध्याकाळी उस्तादांना भेटायला घरी जाणार. तो रोजच जायचा.

दगड उतरवायचा दिवस नेमका दोंगचीचा आला. आमच्या गावात वर्षातल्या त्या सर्वांत मोठ्या रात्रीचा मान नववर्षाहून जास्त. सगळ्यांना लवकर घरी जायची घाई होती. तीन वाशांचं तिकाटणं उभं केलं, साखळी आवळली, ओणवा ढग हळूच जागचा उठला आणि बाजूला टेकला. युआन बुडाशी वाकला. बराच वेळ उठेना. मग एकदम हसायला लागला.

"काकू! ओ काकू! इकडं या, बघा तुमच्या घरधन्याची करामत!"

मावशी गेली. मीही खिडकी बंद करून गेले.

"हा कोरडा आहे! आत चुन्याचं बोटसुद्धा नाही. बाहेरून नुसता लिंपलाय, साहेबांना दाखवायला. आत बघा, पाचरी. एकेक दगडी पाचर घासून बसवलीय. आणि मागं हा बघा, केवढा धोंडा दाबून ठेवलाय तोल सांभाळायला. म्हणून मला जवळ येऊ देत नव्हतास होय, म्हाताऱ्या!"

"कोरडा का?" मावशीनं विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"पेजेवर भरवसा नसणार. उस्ताद बोटांत धरून बघायचे ना, तार सुटते का. नसेल सुटली." युआन पाचर हातात उलटीपालटी करत होता. "त्या सालात तांदूळ दगडापर्यंत पोचले असतील तरच नवल. कुणीतरी खाल्ले असतील. मला मिळाले असते तर मीही खाल्ले असते, खोटं कशाला बोलू! पण काकू, तुम्ही उगाच ओरडत होता लोकांवर. हा दगड काही पडत नव्हता. दोरानं ओढला तेव्हा जरा हलून पुन्हा जागच्या जागी बसला असणार. कोरडा दगड तसाच बसतो."

मावशीनं झाडू घेतला आणि दगड होता तिथली जागा झाडायला लागली. चुन्याची पांढरी भुकटी होती, ती गोळा केली, पुन्हा पसरली, पुन्हा गोळा केली. मग झाडू डोंगराला टेकवून ठेवला आणि कुणाला न सांगता घरी गेली.

दोंगचीच्या जेवणाला आमच्याकडं घरचं जे माणूस बाहेरगावी असेल, त्याचाही वाडगा आणि जेवायच्या काड्या मांडतात. ज्याबाओ येणार नव्हता, बायकोच्या माहेरी होता. मावशीनं त्याचा वाडगा मांडला. मासा, डुकराचं मटण, हिरवी भाजी, आणि त्या रात्रीसाठीची गोड दारू. पूर्वजांना आधी दाखवून झालं होतं. लहानपणी गेलेल्या पोराला आम्ही पूर्वजांत धरत नाही, त्याला त्यात वाटा नसतो.

मिस्त्री जेवायला बसले. युआन येऊन गेला होता की नव्हता, तिला ठाऊक नव्हतं.

"उतरवला?"

"उतरवला."

"आत पाहिलंस?"

"पाहिलं."

मिस्त्रींनी काड्या हातात घेतल्या, पण काही उचललं नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"वास लपतो होय? दारात पाय ठेवला की यायचा. भिंतींना यायचा. तुझ्या केसांना यायचा."

"मग बोलला का नाहीत? एवढी वर्षं?"

"बोललो असतो तर वाटे करावे लागले असते."

तिला वाटलं, आता बोलायला हवं, की ते मी ठरवलं नव्हतं, ते आईंनी सांगितलं. एवढी वर्षं हेच एक वाक्य तिनं स्वतःसाठी राखून ठेवलं होतं.

"आई म्हणाल्या होत्या, जगेल त्याला..."

"आईनं आधी मला विचारलं होतं," मिस्त्री म्हणाले.

बाहेर कुणीतरी फटाका उडवला. खोकल्याची उबळ आली, ती ओसरेपर्यंत त्यांनी तोंडावर रुमाल धरला. मग उठले, भिंतीला धरत फळीपर्यंत गेले आणि एक वाडगा काढून आणला. लहानसा, कडेला टवका गेलेला. तो त्यांनी ज्याबाओच्या वाडग्याशेजारी ठेवला. त्याला काड्याही मांडल्या, सरळ, नीट, पाचर बसवावी तशा.

"एकच विचारायचं होतं," ते म्हणाले. "तिला वास आला होता का?"

मावशी मला म्हणाली, त्या वेळी 'नाही' म्हणता आलं असतं. 'झोपलेली असायची' म्हटलं असतं तरी चाललं असतं. म्हातारा फार दिवसांचा सोबती नव्हता. पण यिन्दीशी खोटं बोलून झालं होतं, पुन्हा तिच्याबद्दल खोटं बोलायला तोंड उघडेना.

"आला होता. मी सांगितलं, जोड्यांची खळ आहे."

"मग?"

"विचारलं, खळ खाता येते का."

मिस्त्रींनी मान हलवली, समजलं अशा अर्थानं. मासा निवत गेला, त्याच्यावर सायीसारखा थर धरला. मावशी हातात भाताचा डाव घेऊन उभी होती. त्या लहान वाडग्यात भात वाढायचा की तो तसाच राहू द्यायचा, हे तिला कळेना, आणि विचारावं असं घरात त्या माणसाखेरीज दुसरं कुणी नव्हतं.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

मावशीनं सोललेल्या वालांचं भांडं माझ्याकडं सरकवलं आणि मांडीवरची सालं झटकली.

"हातात डाव होता, त्यातला भात निवला," ती म्हणाली. "मग डाव तसाच ठेवून दिला."